चंचीतली गोळी

शाळेच्या मैदानावर दुसऱ्या फेरीच्या वळणाला माझी नातसून थांबली, गुडघ्यांवर हात टेकले आणि भडाभडा ओकली. मी कुंपणाजवळच्या दगडावर तिच्या चपला आणि पाण्याची बाटली सांभाळत बसले होते. मी उठून तिच्यापर्यंत जाईस्तोवर पोटात होतं ते सगळं बाहेर आलं होतं. होतं तरी काय, दोन घोट पाणी आणि एक गोळी. ती गोळी मला मातीत पडलेली दिसली. पिवळी, ज्वारीच्या दाण्याएवढी. अर्धीसुद्धा विरघळली नव्हती. मी पायानं तिच्यावर माती ओढली.

"आजी, गोळीबी पडली का?"

"पडली."

"मंग आता?"

मला काय ठाऊक, मग आता. मी चौथी शिकलेली बाई. मी म्हटलं, "आधी तोंड धू."

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "कितवा म्हैना गं?" आमच्या गल्लीतल्या गुरुजींची बायको. साखरेच्या दुखण्यासाठी ती रोज सकाळी मैदानाभोवती चालते आणि चालताना सगळ्या गावाकडं लक्ष ठेवते. मी म्हटलं, "म्हैना न्हाई न काही न्हाई, पित्त हाय." तिनं मान हलवली, पण चालायचा वेग एकदम वाढला, आणि तोंड आमच्या गल्लीकडं होतं. तेव्हाच मी समजले.

आम्ही दोघी हळूहळू घरी आलो तोवर बातमी पोचून चहासुद्धा पिऊन गेली होती. माझी सून, म्हणजे या पोरीची सासू, दारात भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. तिनं तो नातसुनेवरून उतरून टाकला. तोंडभर हसत होती. मी तिला इतकं हसताना तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"आजपासून पळनं बंद," ती म्हणाली.

नातसुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी कमरेची पानाची चंची सोडून पान लावायला घेतलं.

आता हे सगळं कशानं झालं ते सांगते. आमचं घर जळकोटचं. नातू लातूरला सोयाबीनच्या तेलाच्या कारखान्यात कामाला आहे, आठवड्याच्या सुट्टीला घरी येतो. नातसून बिलोलीकडची, बारावी झालेली, पायानं हरणासारखी. लग्नाआधीपासून तिला पोलिसात जायचं होतं. लग्न झालं, पहिली मुलगी झाली, ती चालायला लागली, आणि तेवढ्यात नांदेडच्या भरतीची जाहिरात निघाली. भरती काही दरवर्षी निघत नाही. निघाली तेव्हा पोटात मूल असलं तर मैदानावर पळणार कशी? पुढच्या भरतीपर्यंत वय निघून जातं. हे तिनं मला एकदा शेंगा फोडताना सांगितलं. लांबवून नाही, एवढंच सांगितलं.

सुनेचं म्हणणं वेगळं होतं. "एकदा पोरगा होऊ द्या, मंग कलेक्टर व्हय म्हन." पोरगी झाल्यावर पोरगा होईलच, असा करार देवानं तिच्याशी कधी केला होता कोण जाणे.

मी स्वतः सहा बाळंतपणं काढली. आमच्या वेळी कुणी विचारत नव्हतं आणि आम्हीही कुणाला सांगत नव्हतो. मला त्याचं रडगाणं गायचं नाही. पण ज्या पोरीला आठशे मीटर पळायचं आहे तिनं पळावं, एवढं मला कळत होतं. मी नातवाला म्हटलं, "सोय कर." त्यालाही बायको पोलिसात हवीच होती.

पहिल्यांदा आशाताईकडनं सरकारी गोळ्या आणल्या. सात-आठ महिने काही त्रास झाला नाही. घरात कपाटाची किल्ली सुनेकडं, उतरंडीला तिचा हात, नातसुनेची पेटीसुद्धा ती आवरून ठेवते. एकच जागा होती जिथं ती हात घालत नाही, ती माझी चंची. तंबाखूच्या वासानं तिला शिंका येतात. म्हणून गोळ्यांचं पाकीट माझ्या चंचीत राहिलं, सुपारी आणि काताच्या मधल्या कप्प्यात. रोज पहाटे मैदानावर निघताना मी पान खायचे आणि ती गोळी खायची. घरात दुसरं कुणी उठलेलं नसायचं.

मग एकदा आशाताईकडच्या गोळ्या संपल्या. पुढच्या यायला वेळ होता. नातवानं लातूरच्या एका मेडिकलमधून दुसऱ्या आणल्या. चकचकीत पाकीट, वर फूल छापलेलं. डॉक्टरला विचारलं नाही, तपासलं नाही. म्हणाला, "आजी, ह्या भारी हायेत." भारी म्हणजे काय, तर जास्त पैशाच्या. माणूस बैल घेताना चार वेळा दात बघतो, आणि बायकोच्या पोटात जायची गोळी पाकिटावरचं फूल बघून घेतो.

त्या भारी गोळ्यांनी पोरीला लोळवलं. सकाळी उठली की मळमळ. छाती ठणकायची, पळताना तर फारच. ती दोन ओढण्या आवळून बांधायची. डोकं जड व्हायचं. मधेच केव्हाही डाग दिसायचा, तारीख ना वार. आणि राग! ही पोर लग्न होऊन आल्यापासून मोठ्यानं बोलली नव्हती. एक दिवस मी म्हटलं, "आज जरा हळू पळालीस," तर माझ्यावर वस्सकन ओरडली, "तुमी पळून दाखवा की मंग!" लगेच रडली. लगेच हसली. मी म्हटलं, "हे बरं हाय, तिन्ही एकदाच उरकून घेतलं." खरं सांगायचं तर राग आलेला असला की ती जोरात पळायची. त्या दिवसानंतर मी तिला फेरीच्या आधी मुद्दाम काहीतरी लागेल असं बोलायला लागले. तिच्या माहेरच्या वरणाला नावं ठेवली की वेळ छान यायची.

इलाज मला येत होते तेवढे मी केले. आल्याचा तुकडा मीठ लावून चघळायला दिला. लिंबू हुंगायला दिलं. सुंठ उगाळून कपाळाला लावली. पळून आल्यावर बडीशेप. थोडा वेळ बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गोळी सोडून दे, असं मी एकदा म्हटलं. ती म्हणाली, "सोडली आन् राह्यलं तर? मैदान तोंडावर आलंय, आजी." मग सोडली नाही. आणि मग ती वळणावर ओकली, गुरुजींच्या बायकोच्या समोर.

पळणं बंद झालं ते एकच दिवस. दुसऱ्या दिवशी मी सुनेला म्हटलं, "पोटुशी बाईनं सकाळी चालावं, मोकळी लवकर होती. मी नेते तिला." सुनेला ते पटलं. तिनं वरून नातसुनेच्या हातात लिंबू दिलं आणि म्हणाली, "हळू चाल माय, खड्डे बघून." आम्ही पाणंदीनं मागच्या बाजूनं मैदानावर गेलो. तिथं ती पळाली आणि मी बसले. घरी येताना मी तिला म्हटलं, "आता जरा कंबरेवर हात ठेवून चाल." ती हसून हसून रस्त्यावर बसली.

हे किती दिवस चाललं असतं सांगता येत नाही. पण सून गप्प बसणारी नव्हती. तिनं गुपचूप बिलोलीला फोन लावला.

आमच्याकडं चोरचोळीची रीत आहे. पोरीला तिसरा महिना लागला की माहेरची माणसं न सांगता येतात आणि तिची ओटी भरतात. हिरवा खण, नारळ, गहू, हळकुंड, सुपारी. पोरीला आधी कळू द्यायचं नाही, म्हणून चोरचोळी. रीत चांगली आहे, पण तिच्यात एक खोट आहे. सगळं गुपचूप असल्यामुळं, बाई, तुला खरंच दिवस गेलेत का, असं त्या बाईला कुणी विचारतच नाही.

दुपारी मी ओसरीवर पाय पसरून बसले होते. दारात रिक्षा थांबली आणि आतून आमची विहीण उतरली, नातसुनेची आई. दोन एस.टी. बदलून आली होती. हातात मोठी पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर. मागोमाग गल्लीतल्या चार सवाष्णी आल्या, गुरुजींची बायको सगळ्यांत पुढं. मी काही बोलायच्या आत नातसुनेला न्हाणीतून हात धरून आणलं आणि पाटावर बसवलं. तिच्या हाताला भांड्याची राख तशीच होती. विधवा बाईनं अशा वेळी मागं बसायचं असतं म्हणतात. मी बसले. तिथून सगळं चांगलं दिसत होतं.

"तिसरा लागला का पण?" एका बाईनं विचारलं.

"लागलाच असंल," सून म्हणाली. "न्हाई लागला तर लागंल की."

विहिणीनं पोरीच्या ओटीत नारळ घातला. तिचे डोळे भरून आले होते. खण ठेवला, गहू घातले आणि पोरीची हनुवटी धरून म्हणाली, "आता भरती-बिरती पुरे झाली माझी बाय. आता पोटातल्याला जप."

नातसुनेनं मान वर केली. आईकडं नाही पाहिलं, सासूकडं नाही पाहिलं, सरळ मागं माझ्याकडं पाहिलं. ओटीतला नारळ तिनं दोन्ही हातांनी असा धरला होता, जसा मैदानावर गोळाफेकीचा गोळा धरायची. मला वाटलं आता फेकते.

मी म्हटलं, "तिच्या पोटात काही न्हाई. गोळी खाती ती."

गुरुजींच्या बायकोच्या हातातली कुंकवाची कोयरी तिरकी झाली.

"कसली गोळी?" सून म्हणाली.

"मूल न व्हायची. वर्ष होत आलं. गोळी बदलली म्हणून वकून राहिली. बाकी तिला काही झालं न्हाई."

"आन् ठेवती कुठं? मी सगळं घर झाडती!"

मी चंची वर केली.

सुनेला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर चंचीचा. "आत्याबाई! तुमच्या पानाच्या चंचीत? म्या तुमाला सुपारी कातरून देत व्हते त्याच चंचीत?" मी म्हटलं, "सुपारी चांगली कातरतीस तू. त्याला मी नाव ठेवलं न्हाई." माझा मुलगा आतल्या खोलीत होता. असले विषय निघाले की त्याला शेतातलं काम आठवतं. तो मागच्या दारानं गेला.

मला वाटलं होतं विहीण रडेल. ती उठली, पदर खोचला आणि लेकीवर कडाडली, "मला सांगायला काय धाड भरली व्हती? दोन गाड्या बदलून आले मी! नारळ काय वाटेत पडलेला व्हता?" मग सुनेकडं वळली. "आन् तुमी तरी डॉक्टरला दाखवायचं का गुरुजीच्या बायकोला?" गुरुजींची बायको म्हणाली, "म्या फकस्त चालत व्हते." आणि मग त्या चार सवाष्णींतली एक फस्सकन हसली, आणि मग कुणाला आवरेना. सून तेवढी हसली नाही.

ती म्हणाली, "पन खरंच न्हाई का काही? आत्याबाई, पक्कं सांगा."

"पक्कं," मी म्हटलं. "डाग दिसतोय तिला मधून मधून."

तेव्हा पाटावरून नातसुनेचा बारीक आवाज आला. "पक्कं न्हाई, आजी. गोळी वकून पडली व्हती ना. आन् ती एकदाच न्हाई पडली."

मैदानावर मी पायानं माती ओढली म्हणून पडलेली गोळी पोटात गेली असं थोडंच होतं. इतक्या बायकांत खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सुनेचा चेहरा पुन्हा उजळला आणि पोरीचा पडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी सरकारी दवाखान्यात गेलो. विहीण मुक्कामाला राहिली होती, ती कशाला सोडते. तिथली मॅडम वयानं आमच्या नातसुनेएवढीच. तिनं आधी पोरीचं ब्लडप्रेशर बघितलं, वजन केलं, लघवी तपासायला घेतली. मग विचारलं, "गोळी कधी घेता?"

"पहाटं. पळायच्या आधी."

"काही खाऊन?"

"न्हाई."

"आणि उलटी कधी होते?"

"पळताना."

मॅडमनं पेन खाली ठेवलं. "अहो, रिकाम्या पोटी गोळी घ्यायची आणि वरून पळायचं, मग मळमळणारच." तिनं सांगितलं, रात्री जेवण झाल्यावर घ्यायची, रोज एकाच वेळेला. घेतल्यावर लगेच उलटी झाली तर ती गोळी धरायची नाही, दुसरी घ्यायची. गोळी नवी असली की पहिले दोन-तीन महिने मळमळ, छाती दुखणं, डाग पडणं, चिडचिड, हे होऊ शकतं. बहुतेकींचं आपोआप कमी होतं. नाही झालं तर गोळी बदलून देता येते, पण इथं येऊन, मेडिकलवाल्याला विचारून नाही. डोकं फुटायची वेळ आली, पाय सुजून दुखला, छातीत दुखलं, श्वास लागला, तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना. मग म्हणाली, "तोवर तुमच्या मिस्टरांना सांगा, त्यांनीही काळजी घ्यायची," आणि टेबलावर निरोधची पाकिटं ठेवली. सुनेनं पदरात तोंड लपवलं. विहिणीनं ती पाकिटं उचलून नारळाच्या पिशवीत टाकली. त्या पिशवीनं एका दिवसात बरंच काही पाहिलं.

मॅडमनं मला विचारलं, "आजी, तुम्ही तंबाखू खाता?"

मी म्हटलं, "मी गोळी खात न्हाई. माझं नंतर बघू."

तपासणीत दिवस गेलेले दिसले नाहीत. पण मॅडम म्हणाली, अजून लवकर असेल तर आज दिसणार नाही, आठवड्यानं पुन्हा करा. पट्टी दिली. पळायला चालेल का, असं पोरीनं विचारलं. "पळा की," मॅडम म्हणाली, "काहीतरी खाऊन पळा."

तो आठवडा मजेचा गेला. घरात दोन पक्ष झाले. सून देवापुढं दिवा लावून एक मागायची, नातसून त्याच दिव्यापुढं दुसरं. देवाची काय अवस्था झाली असेल. पण घराला आता लपवायला काही राहिलं नव्हतं, त्यामुळं सगळ्यांना भूक चांगली लागायची. पळणं कुणी बंद केलं नाही. विहीण जाताना बजावून गेली होती, "पोटात असंल तर असंल, नसंल तर माजी लेक नांदेडला पळनार." पोरगी पहाटे दूध-केळं खाऊन पळायची. गोळी रात्रीच्या भाकरीनंतर. ओकारी दोन दिवसांत थांबली, मळमळ राहिली पण निम्म्यावर आली. राग तेवढा होता तसाच होता. तो मला मोडायचा नव्हता, वेळ चांगली येत होती.

आठवड्यानं परसात धुण्याच्या दगडापाशी आम्ही तिघी उभ्या राहिलो. पट्टीवर एक लाल रेघ आली. दुसरी आली नाही. सुनेनं पट्टी उन्हात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"हितं बारीक रेघ दिसून राहिली की."

मी म्हटलं, "ती तुझ्या चष्म्याला हाय."

तिनं चष्मा पदरानं पुसला. पुन्हा पाहिलं. मग पट्टी खाली ठेवली आणि चुलीपाशी गेली. नातसून परसातच राहिली, उड्या मारू की नको अशी. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "केळी संपलीत. आनायला सांगा. उद्या काय खाऊन पळनार ती?"

सून बदलली असं मला म्हणायचं नाही. ती अजूनही पोरग्याचं नाव काढते. पण त्या रात्री तिनं माझ्यापुढं हात केला. "ते पाकीट द्या हिकडं. चंचीत तंबाखूचा वास लागतोय त्याला." तेव्हापासून पाकीट स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी असतं. जेवणं झाली की सून ओरडते, "जेवलीस का? गीळ मग." आणि पुढं, "नोकरी लागली की मंग पोरासाठी मला कारन सांगायचं न्हाई."

हिरवा खण परत घ्यायला विहिणीनं नकार दिला. एकदा ओटीत घातलेलं परत घेत नाहीत. त्याचं आमच्या पणतीला परकरावरचं काठाचं पोलकं शिवलं. नारळाची बर्फी केली. गुरुजींच्या बायकोनं साखर असूनही दोन वड्या खाल्ल्या.

मैदानाच्या दिवशी आम्ही सगळे नांदेडला गेलो, नातू, सून, मी, विहीण बिलोलीहून परस्पर. आत आम्हाला सोडत नाहीत. फाटकाबाहेर लिंबाखाली बसलो. तिथं सगळ्या जिल्ह्यातल्या आया-सासवा बसल्या होत्या, कुणाच्या मांडीवर पोरं, कुणाच्या हातात डबे. ऊन चढत गेलं. आत शिट्ट्या वाजायच्या, आम्हाला दिसायचं काही नाही. सुनेनं तीनदा विचारलं, "आता पळाली असंल का?" मी तीनदा म्हटलं, "मला काय ठाऊक."

दुपारी ती बाहेर आली. छातीवर नंबर लावलेला, तोंड लालभडक. आमच्याकडं बघून हसली, चार पावलं चालली आणि लिंबाच्या बुडाशी वाकून ओकली. उन्हानं आणि पळण्यानं. शेजारची एक बाई लगेच पुढं सरकली, पाठीवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, पोटुशी का? आन् अशा अवस्थेत पळाली?"

माझी सून मधे पडली. सगळ्या फाटकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोटुशी-बिटुशी काही न्हाई. गोळी घेती ती. आठशे मीटर पळून आलीय, पानी द्या आधी."

नंतरची लेखी परीक्षाही ती पास झाली. ज्या पोरीनं हे सगळं सोसलं ती माझी नातसून. आता ती नांदेडला पोलिसात आहे.